जबड्यातले दाणे

माझं काम काय, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले आणि ते कुणालाही धड कळलं नाही. शेजारीपाजारी मला दातांची डॉक्टर समजतात आणि जिन्यात गाठून, आ वासून दाढ दाखवतात. मी म्हणते, "अहो, मी दातांना हात लावत नाही. दातांत, हाडांत जे भरतात ना, ते आधी माझ्याकडे येतं. मी ते दाबते, फोडते, खारट पाण्यात महिनोन्महिने बुडवून ठेवते आणि किती झिजलं ते मोजते." मग तोंड मिटतं आणि चेहरा पडतो.

त्यातलं एक द्रव्य माझ्या खास जिव्हाळ्याचं. कॅल्शियमचे पांढरे दाणे, साखरेएवढे. हाडात पोकळी पडली की ते तिच्यात भरायचे. हाड त्यांच्या आधाराने वाढतं आणि दाणे हळूहळू विरघळून जातात. स्लॅब पक्का झाला की खालचे टेकू काढतात तसंच, फक्त हे टेकू आपणहून निघून जातात. लवकर गेले तर पोकळी तशीच राहते, गेलेच नाहीत तर हाड कच्चं राहतं. तो वेग जमवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली.

आणि मग माझ्याच लेकीच्या खालच्या जबड्यात गाठ निघाली. साधीच, पाण्याची, पण हाड पोखरणारी. ती काढल्यावर बोराएवढा खड्डा पडला आणि त्यात माझे दाणे भरले. दाणे कसे विरघळताहेत ते बघायला दरवर्षी एक एक्स-रे काढायचं ठरलं. एकाच यंत्रावर काढले तरच ते एकमेकांशी ताडून बघता येतात, म्हणून नोकरीसाठी लांबच्या शहरात गेलेल्या लेकीने त्यासाठी इथेच यायचं.

तेव्हापासून ती वर्षातून एकदा येते. तारीख दवाखाना कळवतो. दोन दिवस राहते. एरवी आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे "जेवलीस?" "हो, तू?" "हो," की संपलं. तिचे बाबा होते तोवर फोन त्यांच्याच हातात असायचा. मी मागून "तिला म्हणावं, स्वेटर घाल" एवढं ओरडायचे. ते गेले आणि आम्ही दोघी एकमेकींच्या वाट्याला आलो. पण त्या दोन दिवसांत ती घरभर असते. बाथरूममध्ये तिचे केस सापडतात, रिकाम्या खोलीत पंखा चालू राहतो, मी करवादते आणि मला इतकं बरं वाटतं की काय सांगू! ती गेली की तिची उशी मी कितीतरी दिवस जागची हलवत नाही.

म्हणजे बघा माझी पंचाईत. दाणे विरघळावेत म्हणून मी आयुष्य घातलं आणि दरवर्षी एक्स-रेमधला पांढरा डाग आणखी फिका झालेला दिसला की मीच मनात म्हणायचे, थांबा, एवढ्यात नको.

या खेपेला दवाखान्याच्या बाकावर ती जबड्यावरून बोट फिरवत बसली होती.

"दुखतंय का गं?"

"नाही. पण तारीख जवळ आली की वाटतं, पुन्हा गाठ आली असेल. झोपच लागत नाही मला."

हे तिने मला पहिल्यांदाच सांगितलं.

सर्जनने आम्हाला आत घेतलं, लेकीला खुर्चीत बसवलं आणि नवा एक्स-रे पडद्यावर मोठा केला. "मॅडम, तुमचा माल. तुम्हीच सांगा."

मी पुढे वाकले. डाग नव्हता. हाडाची बारीक जाळी इकडून तिकडे पसरली होती, खड्डा नेमका कुठे होता तेही कळेना. फक्त एका दाताच्या मुळाशी पांढरा ठिपका. तो दाणा नव्हता. जाळीच्या रेघा त्याच्या आरपार गेल्या होत्या. दाण्यातून त्या तशा जात नाहीत. पण एवढं बारीक त्या खोलीत माझ्याखेरीज कुणाला दिसणार नव्हतं.

सर्जनने नेमका त्या ठिपक्यावरच बाण आणून ठेवला. "हा राहिलाय का एखादा? पुढच्या वर्षी पुन्हा बघू या?"

नुसतं "हं" म्हणायचं होतं. हाताखालच्या पोरांना एकेका आकड्यावरून फैलावर घेणारी मी, तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. मला पुढचं वर्ष हवं होतं. ते दोन दिवस हवे होते.

मग लेकीकडे पाहिलं. तिने खुर्चीचा हात गच्च धरला होता.

"नाही," मी म्हणाले. "ते तिचं स्वतःचं हाड आहे. दाणे संपले. आता बघण्यासारखं काही नाही."

"सुटलात!" सर्जन तिला म्हणाला. "आता यायला नको."

"नक्की ना, आई?"

"नक्की."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला आनंद झाला, अगदी खरा आनंद. आपलं द्रव्य असं मागमूसही न ठेवता गेलेलं बघायला मिळणं सोपं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत तो टिकला. रस्त्यावर आले आणि मला रडूच फुटलं.

"अगं, रडतेस काय? पास झालीस की तू!"

"आता तू कशाला येशील?"

ती चालता चालता थांबली. "तू बोलावलंस तर येईन. आजवर मला दवाखान्यानेच बोलावलंय, आई. तू एकदाही नाही."

मी कारण शोधू लागले. कपाट आवरायचंय. बँकेत तुझी सही लागेल. माझे गुडघे दुखतात. एकही धड पटण्यासारखं नव्हतं. ती माझ्याकडे बघत उभी होती, घाई न करता.

"मला तुझी आठवण येते," मी म्हणाले. "रोज येते."

बाजूने एक ट्रक धडधडत गेला.

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

तिला ऐकू आलं होतं, तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तरी मी पुन्हा म्हणाले.