नवव्या नावाचं पाणी

घडा कलू लागल्यापासून पाणी त्याच्या काठाशी यायला अर्धा श्वास लागतो. सहा अमावास्या मी हे पाहत होते. बेलानुम उतावळा माणूस. मी नाव घेण्यासाठी श्वास ओढला, की त्याचा हात कललाच. मग नाव आणि पाणी एकदमच मातीच्या नळीत उतरतात, खाली पितरांपर्यंत.

आमच्या शहरात जो मेलेल्या राजांना पाणी देतो, तोच त्यांचा वारस. नावं घेणं मात्र राजघराण्यातल्या लेकीचं काम. म्हणून तर बेलानुमने मला जिवंत ठेवलं होतं. माझा धाकटा भाऊ अपिल-इली चाळीस दिवस राजा होता. त्याला त्याच्याच सेनापतीने, याच बेलानुमने, कालव्यात बुडवलं, गादी घेतली आणि त्याचं नाव यादीतून काढलं. आता आमच्या वडिलांपर्यंत आठ नावं, पुढे कोणी नाही. ज्याचं नाव घेतलं जात नाही, तो खाली धूळ खातो. सहा वेळा मी आठव्या नावाला थांबले. दर वेळी मनाशी म्हणायचे, पुढच्या अमावास्येला.

या वेळी बेलानुमने नववं नाव घालायला सांगितलं. त्याच्या बापाचं. म्हातारा होड्यांना डांबर फासायचा. माझ्या वडिलांची एकही होडी त्याने कधी गळू दिली नव्हती. माझं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं. राजांच्या रांगेत बसवलेलं पाहून तोच हसला असता.

कारभारी इमगुआ सकाळी समजावून गेला, की मेलेल्याला तहान सोसते, जिवंताला फास सोसत नाही. मी विचारलं, उद्या तुझं नाव कोण घेणार? तो खजूर चघळत उठून गेला.

दुपारी चौक भरला. आठ नावं झाली. आठव्याला माझा आवाज किंचित घसरला.

"दमलीस का, तबनी?" बेलानुम हळूच म्हणाला. "माझ्या बापाचं नाव लहान आहे. एका दमात होईल."

"मी नाही दमले, महाराज. तुम्ही हात सांभाळा. सांडायला नको."

"माझ्या हातून कधी काही सांडलंय?"

"सांडत नाही. बुडतं."

पुढच्या रांगेतला पुजारी उगाचच खोकला. बेलानुमने ओठ आवळून घडा उचलला.

पाणी सांडलं किंवा मध्येच थांबलं, तर वारसा तिथेच तुटतो, हे चौकातलं शेंबडं पोरही जाणतं. आणि ज्याच्या नावाने पाणी दिलं, त्याच्या मागून आपण गादीवर आलो, हे देणाऱ्याने मान्य केलं असंच धरतात.

मी श्वास ओढला. घडा कलला. मी तो श्वास तसाच धरून ठेवला. पाणी काठावर आलं, नळीत पडू लागलं. बेलानुमने माझ्याकडे पाहिलं.

"अपिल-इली," मी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "या शहराचा नववा राजा. पी, माझ्या राजा, पी."