जर्सी उतरल्यावर

उपांत्य सामना जिंकला आणि टीव्हीच्या बाईंनी माझ्या तोंडासमोर माइक धरला. "कॅप्टन, आजचा विजय कोणाला?" या प्रश्नाची उत्तरं ठरलेली असतात. कोचला, प्रेक्षकांना, आईवडिलांना. मी म्हणाले, "माझ्या ताईला. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. एका नर्सच्या गळ्यात चाळीस रोगी बांधू नका, एवढंच म्हणत नर्सांनी संप केला, तर संपबंदीचा नवा कायदा दाखवून तिला तुरुंगात टाकलंय. हा कायदा मागे घ्या." बाईंनी माइक एवढ्या घाईनं मागे घेतला, जसं काही मी त्याला चावणारच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. ते बोलावणं येणारच होतं.

आमचा व्हॉलीबॉलचा क्लब त्यांच्या मालकीचा. त्यांचा मूळ धंदा पाण्याच्या पाइपांचा, म्हणून आम्ही पोरी त्यांना आपसात पाइपवाले म्हणतो, समोर साहेब. मी सेटर. म्हणजे आमच्या बाजूला आलेला चेंडू आधी कोणीतरी उचलतं, मग तो माझ्याकडे येतो, आणि कोणी मारायचा हे मी ठरवते. सगळा सामना माझ्या बोटांतून जातो. हे मी फुशारकीनं सांगत नाही. थोड्या फुशारकीनं सांगते.

"बसा, कॅप्टन," पाइपवाले म्हणाले. समोर माझा करार उघडा होता. "तुमच्या जर्सीवर छातीवर काय आहे?"

"आपला पाइप."

"मग काल टीव्हीवर कोण बोललं?"

"मी."

"नाही. पाइप बोलला. आणि आपला पाइप घेतं कोण? सरकार." त्यांचा आवाज चढला नव्हता. तेच जास्त त्रासदायक होतं. "माझ्या कारखान्यातला एखादा माणूस कंपनीच्या गणवेशात उभा राहून म्हणाला असता की संपवाल्या नर्सना आतच ठेवा, तर तुम्हाला चाललं असतं?"

"त्याला मी सोलून काढलं असतं."

"मी त्यालाही गप्प बसवलं असतं. तुम्हालाही बसवतोय. जर्सी माझी, हॉल माझा, ती वेळ मी विकत घेतलेली. तिथे तुम्ही फक्त खेळायचं."

माझे कान तापले. राग आला की माझे कान लाल होतात, आणि समोरच्याचं थोडं बरोबर असलं की आणखी लाल होतात. त्यांचं थोडं बरोबर होतं. ते मला अजिबात आवडलं नाही.

त्यांना एवढंच हवं होतं की मी कॅमेऱ्यासमोर म्हणावं, झालं ते चुकलं. मी म्हणाले, "ते माझं वैयक्तिक मत होतं, क्लबचं नव्हतं, एवढं शंभरदा सांगते. चुकलं असं मात्र एकदाही म्हणणार नाही." त्यांनी करार मिटला. अंतिम फेरीत तीन सामने होते, त्यांतले दोन जिंकणारा अजिंक्य. त्या फेरीसाठी त्यांनी मला बाहेर बसवलं. पगार चालू, खेळ बंद. हॉलच्या दारातही यायचं नाही.

चौतिसाव्या वर्षी खेळाडूला अंतिम फेरी पुन्हा मिळेल असं कोणी सांगत नाही. जिन्यात मी रडले. चांगली पाच मिनिटं रडले, मग नाक शिंकरून घरी गेले.

आई पडदे शिवते. पुढच्या खोलीत तिचं मशीन आणि मशीनभोवती लोकांच्या खिडक्यांची मापं. मी सांगितलं तेव्हा तिचा पाय पायडलवरच थांबला.

"एक आत आहे," ती म्हणाली. "आता दुसरीनं बाहेर नोकरी घालवायची ठरवलीय. मग मीही येते की आत. सगळीच तिथे राहायला जाऊ, घराचं भाडं तरी वाचेल."

"आई, ताईसाठी बोलले मी."

"तीही कोणासाठी तरी बोलायलाच गेली होती ना? झालं काय मग?" तिनं पडदा झटकला. "साहेबांचे पाय धर, माफी माग, खेळ. मला एक तरी मुलगी संध्याकाळी घरी यायला हवी."

आईच्या बोलण्यावर मला चिडता आलं नाही. ताईला नेलं त्या दिवसापासून दारावर टकटक झाली की ती आधी माझ्याकडे पाहते, मग दाराकडे. मी जेवले आणि खोलीत जाऊन खेळाडू संघटनेच्या वकीलबाईंना फोन लावला.

वकीलबाई भरभर बोलतात आणि मध्ये काहीतरी चघळत असतात. "तुझ्या करारात काय लिहिलंय ते वाचून दाखव," त्या म्हणाल्या. मी वाचलं: गणवेशात किंवा कामावर असताना खेळाडूनं राजकीय विषयावर बोलू नये. पलीकडे चघळणं थांबलं. "त्यांनी तुला कामावरून बाजूला केलंय ना?"

"हो."

"जर्सी?"

"काढून घेतली."

"अगं मग तू कामावर नाहीस आणि गणवेशातही नाहीस. त्यांनीच तुझं तोंड मोकळं करून दिलंय." आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की मी फोन कानापासून लांब धरला.

ही चूक फक्त मालकच करू शकतो. मला खेळायला ठेवलं असतं, तर मी दिवसभर सरावात, बसमध्ये, बैठकीत, म्हणजे दिवसभर त्यांच्या मुठीत. आता माझ्याकडे आख्खा दिवस रिकामा होता. त्याच संध्याकाळी मी घरातला जुना हिरवा स्वेटर घातला आणि दवाखान्याच्या फाटकासमोरच्या फुटपाथवर जाऊन ताईच्या मैत्रिणींबरोबर उभी राहिले. कोणीतरी पाण्याच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट पालथा घातला आणि मला म्हणालं, चढ. मी चढले.

पहिल्या दिवशी चारसहा नर्सा आणि एक चिडलेला रिक्षावाला होता, त्याची वाट अडली म्हणून. तिसऱ्या दिवशी रस्ता भरला. टीव्हीवर दहा सेकंद बोलले होते. इथे अर्धा अर्धा तास बोलत होते. पहिला अंतिम सामना सुरू झाला तेव्हाही मी क्रेटवरच होते. आमच्या पोरी हरल्या. माझ्या जागी खेळलेली मुलगी चांगली आहे, पण आमच्या मारणाऱ्या पोरींना वर्षानुवर्षं माझ्याच चेंडूची सवय. त्या हवेत उड्या मारत होत्या आणि चेंडू एक वीत मागे पडत होता. मला कळलं तेव्हा माझा जीव तिळतिळ तुटला. बोलायला मिळालं म्हणून खेळाची भूक भागते असं कोणी समजू नये.

दुसऱ्या सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी पाइपवाले स्वतः आमच्या घरी आले. पडद्यांच्या ढिगाशेजारी, स्टुलावर बसले. आईनं चहा ठेवला आणि नेहमीसारखं आधी माझ्याकडे पाहिलं.

"उद्या खेळा," ते म्हणाले.

"आणि तोंड?"

"जर्सीत बंद."

"जर्सीत बंद," मी म्हणाले. "साहेब, यावर मी भांडणारच नाही. हॉल तुमचा, जर्सी तुमची. तिथे ताईचं नावसुद्धा काढणार नाही, कोणी कितीही विचारलं तरी. पण सामना संपला, जर्सी धुलाईच्या पेटीत पडली आणि मी हॉलच्या बाहेर पाय टाकला, की फुटपाथ तुमचा नाही. तिथे मी काय बोलते, कोणाशी बोलते, यात क्लब पडणार नाही. मंजूर असेल तर येते."

"बाहेरसुद्धा लोक तुम्हाला क्लबची कॅप्टन म्हणूनच ओळखतात."

"ओळखतात ते माझ्या तोंडानं. तोंड मी जर्सीबरोबर पेटीत टाकत नाही."

त्यांनी चहाचा घोट घेतला. मग आई मध्येच बोलली. "साहेब, तुम्ही असं करा. तिला बाहेरही गप्प करा. कायमची. मी तुमचे उपकार विसरणार नाही."

ती थट्टा करत नव्हती. पाइपवाल्यांनी कप खाली ठेवला आणि ढिगातल्या एका पडद्याची किनार बोटानं सरळ करत राहिले. "ते माझ्या हातात नाही, बाई," ते शेवटी म्हणाले. "मला तेवढा हक्क नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सकाळी सरावाला या." ते दारातून जाताना मी त्यांच्या मनात काय आहे ते ओळखू पाहिलं, पण धंद्यातला माणूस, थांग लागू देत नाही. एवढं मात्र खरं की आपला हक्क कुठे संपतो हे तोंडानं कबूल करणारा मालक मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसरा सामना आम्ही जिंकला, आणि सहज जिंकला. तिसरा मात्र पाचव्या सेटपर्यंत ताणला गेला. सेटरला खेळता खेळता सतत ओरडावं लागतं. माझा, तुझा, मागे, सोड. प्रेक्षकांच्या गोंगाटात ओरडलं नाही तर दोघी एकाच चेंडूवर आपटतात. शेवटच्या गुणाला चेंडू वाकडा आला, पार कडेच्या खुर्च्यांपाशी. मी धावले, जाळीकडे पाठ असतानाच डोक्यावरून मागे उचलला आणि उरलासुरला श्वास घालून आमच्या सर्वांत उंच पोरीला हाक मारली. ती आधीच हवेत होती. चेंडू पलीकडच्या लाकडी जमिनीवर आपटल्याचा आवाज मी पडल्यापडल्या ऐकला. मग सगळ्या पोरी माझ्या अंगावर.

टीव्हीच्या त्याच बाई आल्या. या वेळी माइक घट्ट धरून. "कॅप्टन, आजचा विजय कोणाला?"

"संघाला," मी म्हणाले. आवाज पत्र्यासारखा आला.

"तुमच्या ताई आज तुरुंगातल्या टीव्हीवर सामना पाहत होत्या असं कळलंय. त्यांना काही निरोप?"

हे मला माहीत नव्हतं. ताई पाहत होती. हॉल एकदम शांत झाला, आणि वरच्या बाकांवरून एका नर्सनं हाक दिली, "बोल ना गं!" मालक कोर्टच्या कडेला, हात मागे बांधून उभे. एक शब्द. एक शब्द बोलले असते तर तो थेट तिच्यापर्यंत गेला असता. मी शब्द दिला नसता तर बोललेच असते. माझे कान जळत होते.

"या जर्सीत नाही," मी म्हणाले. वरून कोणीतरी शिट्टी वाजवली, कोणीतरी 'घाबरली' म्हणालं. तेवढं गिळून मी आत गेले, जर्सी पेटीत टाकली, हिरवा स्वेटर चढवला आणि बाहेर पडले.

हॉलसमोरचा फुटपाथ भरला होता, मधोमध नर्सांनी दवाखान्यापासून आणलेला तो क्रेट. नर्सा, प्रेक्षक, आमच्या पोरी आपापल्या साध्या कपड्यांत, दोनतीन कॅमेरे. आणि सगळ्यांच्या पुढे आई. ती आजवर माझ्या एकाही सामन्याला आली नव्हती. तिनं माझं मनगट धरलं. "तुला घरी न्यायला आलेय," ती हळूच म्हणाली. "जिंकलीस, झालं. चल."

"आधी बोलू दे," मी म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले. तोंड हललं, आवाज बाहेर आला नाही. घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा. पाच सेट ओरडून ओरडून माझा आवाज गेला होता. भांडून मिळवलेला फुटपाथ पायाखाली, समोर कॅमेरे, आणि मी मुकी. मला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. पहिल्या रांगेत ताईच्या वॉर्डमधल्या नर्सा होत्या, तिच्यासोबत रात्रपाळ्या केलेल्या. त्या वाट पाहत होत्या. एकीनं तर माझ्याकडे पाहून मान खाली घातली.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. या खेपेला दाराकडे बघायला दार नव्हतं. तिची पकड माझ्या मनगटावर घट्ट झाली, आणि मग सुटली.

"काय सांगायचंय हिला?" तिनं नर्सांना विचारलं. उत्तराची वाट पाहिली नाही. क्रेटवर चढताना तिचा तोल गेला, मी तिची कंबर धरली. तिनं कॅमेऱ्यांकडे नव्हे, गर्दीच्या अगदी मागच्या टोकाकडे पाहिलं, आणि मशीनच्या आवाजावर मात करायची सवय लागलेल्या आवाजात ताईचं पूर्ण नाव उच्चारलं.

"मी तिची आई," ती म्हणाली. "मी कोणाच्या कामावर नाही. मला कोणी गप्प करू शकत नाही. माझी मुलगी मला परत द्या."