दुसरी सुई

"मांडीला हात लावून बघ, बाई. लिंबाएवढी गाठ हाय," म्हणत मलिकाबीनं तापलेली नात शहनाज नर्मदाबाईंच्या मांडीवर ठेवली.

नर्मदाबाई नर्स. कालच त्यांनी पुसेगावात तान्ह्या लेकरांना ट्रिपलची, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला नि धनुर्वाताची, पहिली सुई टोचली होती. दारात पोरीचा बाप, पिंजारी चाँद पाशा उभा होता.

"आता दुसरी सुई न्हाई," तो म्हणाला. "चांगलं खेळतं लेकरू बिमार करून राहिल्या तुमी."

नर्मदाबाई हलल्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात याच गल्लीत डांग्या खोकल्यानं दोन लेकरं गेली होती, आणि एका सुईनं भागणार नव्हतं. ओल्या फडक्यानं शहनाजचं अंग पुसता पुसता, डॉक्टरांना विचारून घेतलेलं त्या सांगू लागल्या.

"अंगात जल्मापासून राखणदार असतेत. त्यांना चोराचं नाव ठाऊक नसतं. परका दिसला की वरडायचं, एवढंच. ही गाठ, हा ताप म्हंजी त्यांचं वरडणं. ते ऐकून दुसरे उठतेत, चोराचं तोंड नीट बघून ठेवतेत. मंग खरा चोर आला की वळखून धरतेत."

"अन् पहिले वरडलेच न्हाई तर?" चाँद पाशानं विचारलं.

"तर दुसरे शिकतील कसे?"

मलिकाबी विचारात पडली. "म्हंजी जागल्यानं हाळी दिली तरच गाव उठतं."

"माझा आजा जागल्याच व्हता, बाळापूरला," नर्मदाबाई हसून म्हणाल्या. जागल्या म्हटलं की जात कळते, म्हणून नोकरी लागल्यापासून ही गोष्ट त्यांनी कुणाच्या घरात आपणहून काढली नव्हती. आज सहज निघून गेली.

दिवस कलताना ताप उतरला. पोरगी दूध प्यायली. चाँद पाशानं चहाचा कप पुढं केला आणि विचारलं, "बराबर किती दिवसांनी यायचं?"

महिन्यानं मलिकाबी स्वतः घरोघर फिरली. "ताप आला तर भिऊ नका, आतले जागे झाले म्हना," असं सांगत तिनं दुसऱ्या सुईसाठी बावीस लेकरं गोळा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्मदाबाई एसटीची वाट पाहत होत्या, तेवढ्यात गल्लीतली पद्माबाई काल सुई टोचलेलं लेकरू कडेवर घेऊन पळत आली. डोळे भरलेले.

"बाई, समद्यांच्या लेकरांना ताप आला. आमच्याला काहून आला न्हाई? सुई वाया गेली का?"

"समद्यांनाच येत न्हाई, माय." नर्मदाबाईंनी लेकराची मांडी चाचपली. मग पद्माबाईचं बोट धरून टोचल्या जागी अलगद टेकवलं. "लागतंय का काही?"

पद्माबाईनं श्वास रोखला. "व्हय. गरम हाय जरासं."

एसटी येऊन थांबली, हॉर्न वाजला. दोघींपैकी कुणीच बोट उचललं नाही.