तारेचं फाटक

ऑरिन किंबलनं त्या सकाळी ठेवणीतली हॅट काढली, तेव्हाच मार्लाला कळलं की म्हाताऱ्यानं हे शूटिंग भलतंच मनावर घेतलंय. एरवी ती हॅट लग्नाला नाहीतर मयतालाच बाहेर निघायची.

"डॅड, चिखल आहे रे तिथे. जुनी घाल की."

"माझ्या लेकीच्या पुस्तकाचा सिनेमा होतोय आणि मी जुनी हॅट घालू? चल, गाडी काढ."

पॅकरच्या रँचवर शिरायचं फाटक सताड उघडं होतं. म्हाताऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण तो उतरला नाही. फाटक उघडं सापडलं तर उघडं ठेवायचं, बंद सापडलं तर बंद करून जायचं. वायोमिंगमधलं पोर हे बोलायच्या आधी शिकतं.

आणि फाटकानंच तर या माणसाच्या जन्माचं मातेरं केलं होतं! तरुणपणी तो याच रँचवर गुरं राखायला होता. एका हिमवादळात तळ्याच्या वरचं तारेचं फाटक उघडं राहिलं, अख्खा कळप वाऱ्याच्या रेट्यानं खाली गोठलेल्या तळ्यावर गेला आणि बर्फ फुटला. दुपारी त्या बाजूला ऑरिन गेला होता. झालं, खोऱ्यानं निकाल लावून टाकला. त्यानंतर कुणी त्याला गाईच्या शेपटीला हात लावू दिला नाही. उरलेला जन्म त्यानं रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी चालवण्यात काढला. पहिलं वर्षभर तो "मी लावलं होतं" असं सांगायचा. मग तेही सोडून दिलं.

खरं काय ते मार्लाला सांगितलं ग्रेडी पॅकरनं. मालकाचाच मुलगा तो, आता सिनेमे काढणारा. बापाला पुरून आला आणि मार्लाच्या स्वयंपाकघरात बसून ढसाढसा रडला. त्या संध्याकाळी त्याचा बाप दारूच्या नशेत गाडी घेऊन त्या फाटकातून गेला आणि ते न लावता तसाच पुढे निघून गेला. लहानगा ग्रेडी शेजारच्या सीटवर बसून बघत होता.

"मला माझ्या तोंडानं नाही गं सांगता येणार," तो म्हणाला होता. "तू गोष्टीत लिही. माझं नाव कुणाला सांगू नकोस. मी त्याचा सिनेमा करीन, सगळं खोरं बघेल."

मार्लानं लिहिलं. काळ शंभर वर्षं मागे नेला, नावं बदलली. गोष्टीतला गडी, जेब, फाटक लावून जातो आणि मागून झिंगलेला मालक येऊन ते उघडं टाकतो. ग्रेडीला दिलेला शब्द तिनं इतका पाळला की बापालाही सांगितलं नाही, हे आपल्याला कुणाकडून कळलं. म्हाताऱ्याची नजर अधू झालेली, जवळचं अक्षर दिसायचं नाही, म्हणून तिनं पुस्तक वाचून दाखवलं. ते पान त्यानं पुन्हापुन्हा वाचायला लावलं. विचारलं मात्र काहीच नाही.

"या सर, या!" ग्रेडीनं धावत येऊन म्हाताऱ्याचे हात धरले. "आमच्या हिरोला तारेचं फाटक लावता येत नाहीये. शहरातलं पोरगं आहे. दाखवता जरा?"

दाखवता काय! म्हाताऱ्याला तर तेच हवं होतं. सुट्या तारांच्या टोकाचा खांब ताणून कड्यात अडकवायचा, एवढंच ते फाटक. "अरे, हातानं ओढतोस काय? खांद्यानं दाब. खांब मिठीत घे, बायको समजून घे, आणि मग वरचं कडं अडकव. हां! असं." सगळे हसले. छोट्या पात्रांसाठी खोऱ्यातलीच माणसं घेतली होती. गुरांच्या खाद्याचं दुकान चालवणारी लोर्ना टिबेट्स जुन्या काळचा झगा घालून उभी होती, तीसुद्धा टाळ्या वाजवत होती. ही बाई ऑरिनशी कित्येक वर्षांत धड दोन शब्द बोलली नव्हती. मार्लाचा ऊर भरून आला. बीन्स आणि भाजलेल्या मांसाचं जेवण झालं, तेव्हा लोर्नानं आपल्या हातानं म्हाताऱ्याला ॲपल पायचा तुकडा आणून दिला.

मग मोठे पंखे सुरू झाले, साबणाच्या फेसाचा बर्फ उडू लागला. जेब झालेला नट फाटकातून घोडा घेऊन आला, तारा तशाच जमिनीवर टाकल्या आणि घोड्यावर बसून निघून गेला.

"कट! मस्त!" ग्रेडी ओरडला.

मस्त? मार्ला तरातरा त्याच्याजवळ गेली. "ग्रेडी, त्यानं लावलं नाही."

ग्रेडीनं तिला पडद्याआड ओढलं. "निर्मात्याचं म्हणणं पडलं की हिरोच्या हातून चूक व्हायला हवी. मग त्याला पश्चात्ताप..."

"आणि झिंगलेला मालक?"

"तो प्रसंग काढलाय."

"निर्मात्यानं काढला की तू?"

तो बुटाच्या टोकानं फेस उकरत राहिला. "माझी आई अजून आहे गं. या वयात तिनं चर्चमध्ये कुठल्या तोंडानं बसायचं?"

"माझा बापही अजून आहे, ग्रेडी! तो बघ, तिथे खुर्चीत बसलाय. तुझ्या बोलावण्यावरून आलाय!"

"दुसरा टेक," ग्रेडी माणसांना म्हणाला आणि तिच्याकडे पाठ फिरवून गेला. केसानं गळा कापला मेल्यानं.

पुन्हा पंखे, पुन्हा फेस. नटानं तारा टाकल्या आणि निघून गेला. आणि ऑरिन खुर्चीवरून उठला. फेसातून पाय ओढत, कॅमेऱ्याच्या ऐन समोरून गेला, खांब खांद्याला लावला आणि कडं अडकवलं.

"कट, कट! सर!"

"पोरानं लावलंच नाही रे," म्हातारा धापा टाकत म्हणाला. "विसरलं बिचारं."

लोर्ना पुढे आली. आवाज हळू होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "नाही ऑरिन. गोष्टच तशी आहे. तो उघडंच टाकतो."

म्हातारा कडं धरून उभा राहिला. खोऱ्यातली माणसं इकडेतिकडे बघू लागली. कुणीही हसलं नाही.

"ग्रेडी," मार्ला सगळ्यांसमोर म्हणाली, आणि पाळलेला शब्द तिनं तिथेच मोडला. "सांग यांना. माझ्या घरात बसून काय सांगितलंस ते सांग. फाटक कुणी उघडं टाकलं?"

ग्रेडीनं आभाळाकडे बघितलं. "गोष्ट तू रचलीस मार्ला," तो अगदी मायेनं म्हणाला. "सुंदर रचलीस. बापावर माया असली की माणूस रचतो. चला, उजेड जातोय. घोडा मागे घ्या."

लोर्नानं मान डोलावली. तिला पटलं. सगळ्यांना पटलं.

परतताना म्हाताऱ्यानं हॅट काढून ठेवली. हॅट मांडीवर होती, तिला फेस लागला होता.

"तू वाचलंस तेव्हा तो लावून गेला होता," तो म्हणाला.

"पुस्तकात लावूनच जातो, डॅड! देवाशपथ! ग्रेडीनं बदललं."

"असू दे गं. मला दिसत नाही, म्हणून बरं वाटावं असं वाचलंस. चांगल्या मनानंच केलंस."

मार्लाला हंबरडा फोडावासा वाटला. पुस्तक मागच्या सीटवरच होतं. पण कुणी वाचून दाखवायचं त्याला? तिनंच ना?

त्यांच्या घराचं फाटक आलं. रोज तोच उतरायचा. गुडघे दुखोत, बर्फ पडो, त्यानं ते काम कधी कुणाला करू दिलं नव्हतं. मार्लानं गाडी थांबवली आणि वाट बघत राहिली.

तो जागचा हलला नाही.

"आज तू लाव," तो म्हणाला. "म्हणजे उद्या कुणी विचारलं तर सांगता येईल, की ऑरिननं हात लावला नव्हता."