मण्याशेजारचा काळा ठिपका

चार महिने ती एका ठिपक्याच्या मागे हात धुऊन लागली होती. द्रव स्फटिकाच्या, म्हणजे टीव्हीच्या पडद्यात असतो तशा लिक्विड क्रिस्टलच्या, पातळ थरात तिने काचेचे बारीक मणी सोडले होते. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक मण्याला खेटून एक काळा ठिपका दिसायचा. तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शक सरांना ठिपक्याविना मणी हवा होता. "काचपट्ट्या नीट धुतल्या नसशील," ते दरवेळी म्हणायचे.

थर तापवला की ठिपके नाहीसे व्हायचे, थंड केला की पुन्हा हजर.

शेवटी तिने प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञकाकांना दाखवलं.

"हा मळ नाही, पोरी," काका म्हणाले. "यातले सगळे रेणू एकाच दिशेला तोंड करून असतात, पण मण्याजवळच्यांना मण्याकडे तोंड करावं लागतं. दोघांचा मेळ जिथे बसत नाही, तिथे हा ठिपका पडतो. तापवलं की रेणूंची दिशाच विस्कटते म्हणून तो जातो, पण थंड थरात मणी आहे तोवर तो राहणारच."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुझ्याआधी इथे काम करायची त्या मुलीच्या वेळी सरांना सांगितलं होतं. त्यांनी मलाच पट्ट्या धुवायला बसवलं."

तिचं डोकंच फिरलं. ती तडक सरांकडे गेली. "सर, आज पट्ट्या तुम्ही धुवा."

त्यांनी खरंच धुतल्या. तासाभराने सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं. ठिपका होताच.

"साबण बदलून बघ," ते म्हणाले.

तिने प्रयोगाच्या वहीत लिहिलं, 'ठिपका काढता येत नाही', आणि सही मागितली.

"उद्या बघू."

ती वही घेऊन दारात उभी राहिली. "आजच, सर."

तिच्याकडे न बघता त्यांनी उभ्या उभ्या सही केली.