तराजूवरून उतरलेले पातेले

मी एक जुने तांब्याचे पातेले आहे, मित्रांनो, आणि तेही असेतसे नव्हे. मला उचलायला दोन माणसे लागतात, आणि नीट घासायचे तर माणसाला माझ्यात अर्धे उतरावे लागते.

एका तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला. माझ्या मालकीणबाईंच्या, म्हणजे काकूंच्या, सासऱ्यांनी मला विकत आणले आणि मोठ्या जेवणांची कामे घ्यायला सुरुवात केली. त्यांच्यामागे काकूंनी तो व्यवसाय सांभाळला. लग्ने, वाढदिवस, कारखान्यांची जेवणे, सगळीकडे मी जाई. आचारीमामा माझ्यात भात शिजवत. "भात काय मोकळा झालाय हो," असे कुणी म्हणाले, की मामा माझ्या काठावर हळूच टिचकी मारत. जणू शाबासकी माझीच.

मग साथ आली. माणसांनी एकत्र जमायचेच नाही, असा नियम झाला. ठरलेली लग्ने आधी पुढे गेली, मग मोडीत निघाली. मी गोदामात पालथे पडून राहिले. एकेक करून शेगड्या विकल्या, खुर्च्या विकल्या, टेम्पोही गेला. मामा औषधांच्या दुकानात खोकी उचलायला जाऊ लागले. कधी जाता जाता डोकावत, माझ्यावरची धूळ बाहीने पुसत आणि निघून जात.

एके दिवशी काकूंची सून धावतच आली. "आई, सरकार अनुदान देतंय. हॉटेलवाले, मंडपवाले, आपल्यासारखे केटरिंगवाले, सगळ्यांना. मी अर्ज करून टाकलाय."

"आपल्याला कोण विचारतंय?" काकू म्हणाल्या. "आपलं तर बंद पडलंय."

"म्हणून तर देतायत."

पण बरेच दिवस काहीच कळले नाही. शेवटी काकूंनी मोडवाल्याला बोलावले. त्याने सुनेच्या मदतीने मला तराजूला टांगले. काकू पाठ फिरवून उभ्या राहिल्या. तेवढ्यात फाटकाशी एक स्कूटर थांबली. मास्क लावलेल्या एक बाई आत आल्या.

"मी अनुदानाच्या कचेरीतून आले. केटरिंगचं काम इथंच चालायचं ना? पाहणी करायची आहे."

काकूंचा चेहरा उतरला. "बघा काय बघायचं ते. सगळं विकलं. हे शेवटचं चाललंय."

बाईंनी रिकाम्या गोदामावर नजर फिरवली, मग माझ्यात डोकावून पाहिले. "काकू, अनुदान पुन्हा सुरू करणाऱ्यांसाठी आहे. कायमचं बंद केलं असेल तर मला तसं लिहावं लागेल. काय लिहू?"

सून सासूकडे पाहत राहिली. मी तिथेच लोंबकळत होते. काकूंनी माझ्या काठावरून एकदा हात फिरवला. मग त्या मोडवाल्याकडे वळल्या.

"दादा, उतरवा ते खाली."

"काकू, वजन झालंय."

"झालं असू दे. उतरवा."

मोडवाल्याने डोके खाजवले. "मग निदान चहा तरी पाजा," असे म्हणत त्याने सुनेला हाताशी घेतले आणि मला अलगद जमिनीवर ठेवले.

पुढच्या महिन्यात अनुदान जमा झाले. फोन हातात धरून सून गोदामाच्या दारातच थबकली. "आलं, आई," एवढेच म्हणाली. काकू होत्या तिथे खाली बसल्या, आणि मग हसायलाच लागल्या. किती दिवसांनी तो आवाज मी ऐकला.

मामा परत आले. नव्या शेगड्या आल्या. मला आतून कल्हई झाली, म्हणजे कथलाचा चकचकीत थर चढला. त्याशिवाय तांब्याच्या भांड्यात शिजवलेले अन्न बाधते. पहिलेच काम एका लग्नाचे होते. मोजकी माणसे, तीही लांब लांब बसलेली. मामांनी टाकलेल्या भाताने माझा तळ जेमतेम झाकला. पण खालून जाळ लागला आणि माझा जीव भांड्यात पडला, असे म्हणायला हरकत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादे जुने भांडे पालथे पडले असेल. मोडीत देण्याआधी, ज्याने ते वापरले त्याला एकदा विचारा. आणि तुमच्या गल्लीतली बंद पडलेली खानावळ पुन्हा उघडली असेल, तर घरच्यांना घेऊन तिथे जेवायला जा. मीठ थोडे कमी पडले तर रागावू नका. त्यांचा हात अजून बसतो आहे.