घणांची गल्ली

शहराला पाहुणे हवे होते आणि पाहुण्यांना बघायला काहीतरी हवं होतं. म्हणून नगररचनावाल्यांनी लोहारगल्लीचं ‘घणांची गल्ली’ असं नवं बारसं केलं, खाली दगडी फरशी घातली, सगळ्या दारांना एकच काळा रंग फासला आणि दोन भावांच्या भट्ट्यांमधली भिंत यंत्र लावून पाडली. त्या भिंतीमुळेच दोघे जिवंत होते, हे नकाशावर कुठून दिसणार?

बाप गेल्यावर वाटणीवरून दोघांची जुंपली होती. थोरल्याने धाकट्याचे पुढचे दात पाडले, धाकट्याने तापलेली सळई थोरल्याच्या मांडीत खुपसली. बायकांनी मधे पडून सोडवलं. तेव्हा ती भिंत उभी राहिली आणि बोलणं संपलं.

“पोस्टरवर दोघे भाऊ एकाच ऐरणीवर आहेत,” प्रकल्पाच्या मॅडम म्हणाल्या. “जमत नसेल तर शहराबाहेर शेड देऊ.”

शहराबाहेर कोण काळं कुत्रं येणार होतं? दोघांनी एकमेकांकडे न बघता माना डोलावल्या.

काम बिनबोलता व्हायचं, हेच काय ते नशीब. थोरला डाव्या हातातल्या सांडशीने लाल लोखंड धरायचा, उजव्या हातातली हातोडी हलकेच मारून जागा दाखवायचा. तिथेच धाकट्याने घण घालायचा. हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. बापाने शिकवलेली तेवढीच बोली दोघांत उरली होती.

मॅडमना नेमका तो टणटण आवाज आवडला. “हा सारखा वाजत ठेवा. लोक खूश होतील.”

“तो थांबायचा इशारा आहे,” थोरला म्हणाला.

“मग तोंडाने सांगा ना, थांब म्हणून. त्यात काय एवढं?”

काय एवढं! आधी कोण बोलणार यावर दोघांची अख्खी जवानी गेली होती. धाकट्याला मनातून गुदगुल्या झाल्या. आता बोलावंच लागेल लेकाला, तेही चारचौघांत.

उद्घाटनाला नव्या सज्जात माणसांची झुंबड उडाली. ऐरण टणटणत होती, ठिणग्या उडत होत्या, धाकट्याच्या अंगात बाप संचारला होता. एवढ्यात सांडशीतून लोखंड निसटलं. ते पकडायला थोरला पुढे वाकला आणि त्याचा डावा हात ऐरणीवर आला. घण वर होता. थोरल्याने मान वर करून धाकट्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण शब्द काही फुटला नाही.

घण खाली आला.

बोटांचा चेंदामेंदा झाला. रक्त तापल्या लोखंडावर चरचरलं. सज्जातल्या लोकांना वाटलं खेळच आहे, त्यांनी टाळ्या पिटल्या. थोरला गुरासारखा ओरडला आणि उजव्या हातातली हातोडी त्याने धाकट्याच्या खांद्यावर घातली, मग बरगडीत, मग तोंडावर. धाकटा हात वर न करता मार खात उभा राहिला.

“दादा, एकदा थांब म्हणायचंस ना रे!” तो रक्त थुंकत रडायला लागला. “एक शब्द!”

थोरला गुडघ्यांवर कोसळला. पिचलेला हात पोटाशी धरून त्याने इतक्या वर्षांनी पहिल्यांदा भावाशी तोंड उघडलं.

“तुला हात दिसला होता.”

धाकट्याला हात दिसला होता. घण बाजूला वळवण्याइतकी सवडही होती. पण दादा आधी बोलेल, म्हणून तो वाट बघत राहिला होता.